शाळूचा नकाशा खुला आहे, पण त्यात आपले शिवार सापडत नाही

प्रति,
मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विषय : पिकांचे जनुकीय नकाशे ऑनलाइन डेटाबेसमध्ये वापरण्याजोग्या रूपात उपलब्ध करून देण्याबाबत.

आपल्या दैनिकाच्या कृषी पुरवणीत रब्बी ज्वारीवर, म्हणजे आपल्या शाळूवर, अलीकडे जो लेख आला, त्यात काढणीला माणूस न मिळणे, उसाकडे आणि हरभऱ्याकडे वळणारा शेतकरी, बाजारातला भाव या साऱ्या गोष्टी नेमकेपणाने मांडल्या होत्या. लेखाच्या शेवटी एक वाक्य होते : ज्वारीचा जनुकीय नकाशा आता इंटरनेटवर सर्वांना खुला असल्याने नवे वाण लवकर तयार होतील. मी गेली एकवीस वर्षे सोलापुरात पदवीच्या विद्यार्थ्यांना वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि हे नकाशे दरवर्षी वर्गात उघडून दाखवतो. त्या अनुभवावरून सांगतो की, हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

‘जनुकीय नकाशा’ या एकाच शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात. पहिला नकाशा अंतराचा. थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या विद्यार्थ्याने १९१३ साली फळमाशीचा असा नकाशा पहिल्यांदा प्रसिद्ध केला. दोन गुण पुढच्या पिढीत जितक्या जास्त वेळा बरोबर उतरतात, तितकी त्यांची जनुके गुणसूत्रावर एकमेकांच्या जवळ, असे त्यामागचे साधे गणित होते. आजही हे अंतर गुरूच्या नावाने, सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. दुसरा नकाशा अक्षरांचा. त्यात डीएनएची ए, टी, जी, सी ही चार अक्षरे गुणसूत्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने वाचलेली असतात. भाताचा असा नकाशा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, ज्वारीचा २००९ मध्ये, तुरीचा २०११-१२ मध्ये, हरभऱ्याचा २०१३ मध्ये आणि गव्हाचा २०१८ मध्ये. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांना ज्यात रस असायला हवा, त्या उसाचा गुंतागुंतीचा नकाशा २०२४ मध्ये आला. ज्वारीची दहा गुणसूत्रे मिळून सुमारे ७३ कोटी अक्षरे भरतात आणि घरात इंटरनेट असलेला कोणीही ती सारी उतरवून घेऊ शकतो. इथपर्यंत लेखातले वाक्य बरोबर आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना संगणक कक्षात ज्वारीचा एक डेटाबेस दाखवत होतो. अकरा संगणक, त्यांतले आठ चालू, एकेका पडद्यासमोर तिघे-चौघे दाटीवाटीने बसलेले. मंगळवेढा तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने, साहजिकच, शोधाच्या चौकटीत आपल्या शेतातल्या वाणाचे नाव घातले. ‘सर, मालदांडी टाकलं तर काहीच येत नाही,’ ती म्हणाली. आम्ही स्पेलिंग बदलून पाहिले. मग ‘एम ३५-१’ असे घातले. ते एका ठिकाणी जोडरेघ देऊन, दुसरीकडे मोकळी जागा सोडून, तर तिसरीकडे सगळी अक्षरे चिकटवून लिहिलेले सापडले आणि तीनही नोंदी एकमेकींशी कुठेही जोडलेल्या नव्हत्या. हाच वाण जनुकपेढीच्या यादीत आयएस १०५४ या क्रमांकाने नोंदलेला आहे, हे मला ठाऊक होते म्हणून पुढचा रस्ता मिळाला. त्या मुलीला एकटीला तो मिळाला नसता. सोलापूरपासून तासाभराच्या आत असलेल्या मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला, आजही रब्बीत ज्याच्याशी तुलना केल्याशिवाय नव्या वाणाचे कौतुक कोणी करत नाही, असा हा वाण. त्याच्या नावाची जर ही गत, तर दगडी, गूळभेंडी, कुचकुची ही नावे त्या चौकटीत घालून पाहण्यात अर्थच नव्हता. तरी तिने घातली. पडदा कोरा राहिला.

मुख्य अडचण मात्र नावाच्याही पुढची आहे. ज्वारीचा जो नकाशा जगभर आधारभूत मानला जातो, तो बीटीएक्स ६२३ या अमेरिकेतील टेक्सासच्या वाणाचा आहे. यात गैर काही नाही. कुठलातरी एक वाण आधी वाचावाच लागतो. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला, पाऊस उघडल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाढणारा आणि दाण्याइतकाच कडब्यासाठी जपला जाणारा शाळू हा त्या वाणापेक्षा पुष्कळ निराळा आहे. कुठे तुकडा जास्त असतो, कुठे कमी, कुठे एकच अक्षर बदललेले असते, आणि आपल्याला हवे असलेले गुण नेमके त्याच फरकांत दडलेले असतात.

शिवाय तो आधारभूत नकाशाही एकच एक राहिलेला नाही. वाचन सुधारत जाते तशा त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात आणि अक्षरांचे अनुक्रमांक सरकतात. ग्रामीण वाचकांना हे चटकन कळेल असे सांगतो. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा जमीन जागच्या जागी राहिली, पण कागदावरचा तिचा पत्ता बदलला. ज्याच्याकडे जुन्या-नव्या नंबरांची जुळवणी होती तो निभावला, बाकीचे तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहिले. जनुकीय नकाशात अगदी हेच घडते. पहिल्या आवृत्तीवरून २०१० च्या सुमारास लिहिलेल्या शोधनिबंधातला पत्ता तिसऱ्या आवृत्तीत शोधायला गेले की भलत्याच जनुकाच्या दारात उभे राहावे लागते, आणि निबंधात आवृत्तीचा उल्लेखच नसेल तर विचारायलाही सोय नसते. त्याआधी तर आणखी गोंधळ होता. ज्वारीच्या दहा गुणसूत्रांना निरनिराळ्या प्रयोगशाळा आपापल्या पद्धतीने अक्षरे देत असत. गुणसूत्रांच्या लांबीप्रमाणे एक ते दहा असे सर्वांनी मानावेत असे क्रमांक २००५ मध्ये ठरवले गेले. त्यापूर्वीचे चांगले काम आजच्या विद्यार्थ्याला जवळजवळ बंदच आहे.

हे सगळे प्रयोगशाळेचे रडगाणे आहे, शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. शाळूला फुलोऱ्यानंतर पाण्याचा ताण बसला की पाने करपतात, ताटाचा बुडखा आतून पोकळ होतो आणि खडखड्या रोगाने उभे पीक लोळते. दाणा बारीक राहतो आणि कडबाही हलका पडतो. अशा ताणातही पाने हिरवी टिकवून धरणारा गुण बीटीएक्स ६४२, म्हणजे पूर्वीच्या बी ३५, या वाणात आहे. त्याला जबाबदार असलेल्या चार प्रमुख जागा नकाशावर निश्चित झाल्या आहेत : दोन तिसऱ्या गुणसूत्रावर, एक दुसऱ्यावर, एक पाचव्यावर. तो गुण आपल्या वाणात आणायचा तर संकर करून हजारो रोपे फुलोऱ्यापर्यंत वाढवत आणि दुष्काळाची वाट पाहत बसण्याऐवजी, रोप चार पानांचे असतानाच पानाचा तुकडा घेऊन त्या जागेजवळचे मार्कर, म्हणजे डीएनएतल्या ओळखखुणा, तपासता येतात आणि ज्या रोपांत ते नाहीत ती बाजूला काढता येतात. खोडमाशीला तोंड देणाऱ्या गुणाच्या जागाही अशाच शोधलेल्या आहेत. खोडमाशीने रोपांचे पोंगे वाळून गेलेले, म्हणजे पोंगेमर, पाहून ज्याने दुबार पेरणी केली आहे, त्याला या कामाचे मोल सांगावे लागणार नाही. बाजरीत डाउनी मिल्ड्यू (गोसावी) या रोगाला तोंड देणारा सुधारित एचएचबी ६७ हा संकरित वाण याच पद्धतीने २००५ मध्ये आला, आणि पुरात तग धरणारा ‘स्वर्णा सब-१’ हा भात २००९ मध्ये. पद्धत सिद्ध झालेली आहे. ती आपल्या वाणांवर चालवायची तर आपल्या वाणांची माहिती नकाशाला जोडलेली हवी.

आता एक घडलेली गोष्ट. आमच्या एका विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी ज्वारीचे काही प्रायमर हवे होते. प्रायमर म्हणजे विसेक अक्षरांचे तुकडे; नकाशावरच्या नेमक्या जागी तेच पोचवतात. एका शोधनिबंधाच्या पुरवणीत त्यांची यादी होती, पण ती होती छायाचित्र म्हणून चिकटवलेली, तीही तिरकी. मजकूर निवडून घेता येईना, म्हणून त्या मुलाने साठेक ओळी हाताने टंकलिखित केल्या. एका ओळीत जीच्या जागी सी पडला. मागवलेले प्रायमर आले, त्या जागेच्या प्रती काढणारे पीसीआर लावले आणि दोन आठवडे, प्रती निघाल्याचे दाखवणारी जेलवरची पट्टी काही दिसेना. आम्ही रसायनांना दोष दिला, यंत्राला दिला, शेवटी विद्यार्थ्याच्या हाताला दिला. चूक सापडली तेव्हा सत्र संपायला आले होते. ती यादी साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये ठेवायला कोणाला कितीसा वेळ लागला असता? दुसऱ्या एका निबंधात ‘माहिती विनंतीनुसार उपलब्ध’ असे छापले होते, म्हणून मी रीतसर विनंती केली. तिसऱ्या स्मरणपत्राला उत्तर आले की प्रकल्प संपला आहे, संबंधित संशोधक बदलून गेले आहेत आणि संगणकही आता कार्यालयात नाही. त्या संस्थेचे नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण असे उत्तर देणारी ती एकटी नसावी.

माहिती खुली ठेवण्याचा प्रश्न नवा नाही. भाताच्या बाबतीत तो पार वर्तमानपत्रांपर्यंत गेला होता. २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात भाताचे दोन कच्चे नकाशे एकाच वेळी छापले गेले; चिनी शास्त्रज्ञांनी आपला सार्वजनिक डेटाबेसमध्ये जमा केला, तर सिंजेंटा कंपनीने आपला स्वतःच्या संकेतस्थळावर स्वतःच्या अटींनी ठेवला. सार्वजनिक ठिकाणी न ठेवलेल्या माहितीवर निबंध छापावा का, यावर शास्त्रज्ञांनी जाहीर आक्षेप घेतला. पुढे कंपनीने आपली माहिती आंतरराष्ट्रीय प्रकल्पाला दिली आणि २००५ मध्ये सुमारे ३९ कोटी अक्षरांचा पक्का नकाशा सर्वांना मिळाला. त्यातल्या अकराव्या गुणसूत्राचा काही भाग दिल्लीतल्या दोन संस्थांनी वाचला होता, आणि गव्हाच्या कामातही २ए हे गुणसूत्र भारताकडे होते. म्हणजे हे काम आपल्याला परके नाही. आपण या टेबलावर पहिल्यापासून बसलेलो आहोत.

खुल्या माहितीचा थेट फायदा पाहायचा तर सोलापूर सोडून लांब जायला नको. चीनमध्ये २०१७ पासून डाळिंबाच्या ‘दाबेन्झी’, ‘ताईशानहाँग’ आणि ‘ट्युनिशिया’ या वाणांचे नकाशे एकामागून एक प्रसिद्ध झाले आणि सार्वजनिक डेटाबेसमध्ये गेले. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तेच नकाशे उतरवून घेऊन त्यांतून डाळिंबाचे मार्कर शोधून काढले. परक्या वाणाचा नकाशा, पण खुला असल्यामुळे काम इथे, तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा काढाव्या लागलेल्या जिल्ह्यात झाले.

याच्या उलट बाजूने एक भीती नेहमी व्यक्त होते आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. तिचा जनुकीय नकाशा जगापुढे मांडला तर परदेशातली कंपनी इथल्या मातीत पाय न ठेवता, एक दाणाही न घेता, केवळ अक्षरे वाचून त्याचा फायदा उठवणार नाही काय? उठवू शकते. जैवविविधता कराराच्या परिषदांत अशा अंकीय माहितीतून होणाऱ्या लाभाच्या वाटपावर याच कारणाने वर्षानुवर्षे वाद चालला आणि २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे त्यासाठी बहुपक्षीय व्यवस्था उभारण्याचे मान्य झाले. वाटप कसे व्हावे हा भांडण्यासारखा विषय आहे आणि आपण तो भांडलाच पाहिजे. पण माहिती कडीकुलपात ठेवणे हे त्याचे उत्तर मला पटत नाही. पाने हिरवी ठेवणारा तो बी ३५ मुळात इथिओपियाच्या स्थानिक ज्वारीतून आलेला आहे. त्या देशाच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला गुण आज आपल्या रब्बीच्या उपयोगी पडू पाहत आहे. आपण घेताना खुलेपणा मागायचा आणि देताना दार लावायचे, हे कितपत शोभते, याचा विचार व्हावा. उलट नोंद खुली, तारीखवार आणि गावाच्या नावासह असेल, तर उद्या कोणी त्या गुणावर हक्क सांगितला तेव्हा तो आधीपासून इथे होता हे दाखवायला कागद हाताशी राहील. नाव-गाव नसलेल्या नोंदीवरून लाभाचा वाटाही मागता येत नाही.

डेटाबेस फुकट चालत नाही, हेही मान्य करायला हवे. जगात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा वनस्पतीचा नकाशा २००० मध्ये पूर्ण झाला. तिच्या ‘टेअर’ या डेटाबेसला अमेरिकी सरकारचे अनुदान होते. ते आटल्यावर २०१३ पासून वर्गणीची पद्धत आणावी लागली. नवी माहिती आधी वर्गणीदारांना, आणि वर्षभराने सर्वांना. श्रीमंत देशातल्या नावाजलेल्या डेटाबेसची ही कथा, तर तीन वर्षांच्या प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या आपल्याकडच्या संकेतस्थळांचे काय होत असेल याची कल्पना करावी. अशा एका संकेतस्थळाचा पत्ता मी वर्गातल्या टिपणांत चार वर्षे देत होतो. गेल्या जूनमध्ये तिथे भलतीच जाहिरात उघडली आणि वर्गात हशा पिकला. म्हणूनच प्रत्येक प्रकल्पाने आपली स्वतंत्र टपरी टाकण्यापेक्षा कायमस्वरूपी सरकारी कोठारात माहिती जमा करणे शहाणपणाचे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जैविक माहितीच्या देवाणघेवाणीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये फरीदाबाद येथे भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू केले. कोठार बांधून झाले. आता त्यात धान्य कोणत्या प्रतीचे पडते, हे पाहायचे.

तेव्हा माझे म्हणणे आपल्या मार्फत विद्यापीठे, संशोधन केंद्रे आणि निधी देणाऱ्या खात्यांपुढे ठेवतो. सार्वजनिक पैशातून पिकाचा नकाशा किंवा त्याचा तुकडा तयार झाला, की अनुदानाचा शेवटचा हप्ता मिळण्यापूर्वी तो डेटाबेसमध्ये जमा झालेला असावा आणि त्याला मिळालेला नोंदणी क्रमांक अहवालात असावा. नोंदीत वाणाचे स्थानिक नाव देवनागरीतही असावे, त्याची सर्व पर्यायी नावे आणि जनुकपेढीचा क्रमांक एकत्र असावेत, बियाणे कोणत्या गावातून आणि कोणत्या साली घेतले ते असावे, आणि कोणत्या आवृत्तीच्या नकाशावर काम केले ते टाळता येणार नाही अशा रकान्यात भरावे लागावे. याहीपेक्षा मोलाची म्हणजे शेतातली नोंद. जमीन हलकी की भारी, पेरणी कधी, पाऊस किती, ताट किती लोळले, कडबा किती निघाला, हे सारे चाचणीच्या वह्यांत दरवर्षी लिहिले जाते. आपल्याकडे सोलापुरात रब्बी ज्वारीचे केंद्र आहे, कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची तर जुनी परंपरा आहे. अशा वह्या जुन्या संशोधन केंद्रांच्या कपाटांत असतातच. अक्षरांचा नकाशा आज कोणतीही सुसज्ज प्रयोगशाळा काही आठवड्यांत काढून देईल, पण १९७२ च्या दुष्काळात कोणत्या शेतात कोणता शाळू उभा राहिला, हे पुन्हा मोजता येणार नाही. त्या वह्या वाळवीच्या आधी स्कॅनरखाली जाव्यात.

एवढे मोठे काम होईपर्यंत आम्ही आमच्यापुरते एक लहान काम सुरू केले आहे. मालदांडीसाठी कोऱ्या पडद्यासमोर बसलेल्या त्या विद्यार्थिनीने उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून शाळूच्या स्थानिक नावांची वही केली. प्रत्येक नावापुढे गाव, कणसाचा आकार, दाण्याचा रंग, हुरड्याला चालते की भाकरीला, आणि शेवटची पेरणी कोणी केली, असे रकाने तिने स्वतः आखले आहेत. आतापर्यंत सत्तावीस नावे झाली आहेत. त्यांपैकी नऊ नावांचे बियाणे कोणाच्या तरी घरात अजून आहे, बाकीची केवळ आठवणीत. एकाच वाणाला दोन गावांत दोन नावे असल्याचा आम्हाला किमान चार ठिकाणी संशय आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या कणगीत वा उतरंडीत जुन्या शाळूचे बी असेल, तर त्याचे नाव आणि गाव आपल्या दैनिकाच्या सोलापूर कार्यालयात कळवावे आणि ते आमच्यापर्यंत पोचवण्याची व्यवस्था आपण करावी, ही विनंती. बी द्यायला नको, मूठभर दाण्यांचे आणि एका कणसाचे छायाचित्र पुरे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक,
सोलापूर